एका अटीची गोष्ट : डॉ. होमी भाभा

माणसाने आयुष्यात काय करायचे हे बहुधा त्याच्या सतराव्या-अठराव्या वर्षी ठरते, आणि बहुधा ते ठरवणारा तो स्वतः नसतो. बारावीचा निकाल लागला की आपल्या छत्रपती संभाजीनगरात घरोघरी हाच विषय निघतो. गुण बरे पडले तर डॉक्टरकी, नाहीतर इंजिनिअरिंग. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील कारखाने डोळ्यांसमोर असताना वडीलमंडळींनी असा विचार करावा, यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. ज्याने मराठवाड्याचा दुष्काळ पाहिला आहे, त्याला आपल्या मुलाच्या हाती दरमहा पगार पडावा असे वाटणारच. अडचण उभी राहते ती पुढे, मुलाचे मन निवडलेल्या वाटेवरून दुसरीकडे वळू लागते तेव्हा. अशा वेळी बंड करावे किंवा मन मारावे, असे दोनच मार्ग आपल्याला दिसतात. तिसराही एक मार्ग असतो, हे मला एका थोर शास्त्रज्ञाचे चरित्र वाचताना कळले. ते शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. होमी जहांगीर भाभा.

भाभांचे नाव निघाले की आपल्याला अणुभट्टी आठवते. शाळेच्या पुस्तकातील धड्यात तेवढेच असते. परंतु हा मनुष्य पदवीने प्रथम यंत्र-अभियंता होता आणि नंतर पदार्थविज्ञानाकडे वळला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्या वळणाचीच हकीकत मला येथे सांगायची आहे.

होमींचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सधन व सुविद्य पारशी कुटुंबात झाला. आजोबा हरमसजी म्हैसूर संस्थानात शिक्षणखात्याचे वरिष्ठ अधिकारी होते. वडील जहांगीर ऑक्सफर्डला शिकलेले, बॅरिस्टर. आई मेहेरबाई पेटिट घराण्यातील. जहांगीर यांच्या बहिणीचे नावही मेहेरबाईच. त्या सर दोराबजी टाटा यांना दिलेल्या. म्हणजे जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याचे कर्तेधर्ते हे होमींच्या आत्याचे यजमान. हे नाते वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे होमींच्या आयुष्याला दोन वेळा त्याचा स्पर्श होणार आहे, आणि दोन्ही वेळा निराळ्या तऱ्हेने.

घरात पुस्तकांचा मोठा संग्रह होता. पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिका होत्या. चित्रकला शिकवायला शिक्षक येत. मुलाला मेकॅनोचे तुकडे जोडून यंत्रे बनवण्याचाही नाद होता. कॅथेड्रल शाळेतून तो पंधराव्या वर्षी सीनियर केंब्रिज परीक्षा उत्तीर्ण झाला, आणि त्याच सुमारास त्याने आइन्स्टाइनचा सापेक्षता सिद्धांत वाचून समजून घेतला होता. पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे शिकून १९२७ साली, अठरावे वर्ष पुरे होण्याच्या सुमारास, होमी केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाले. विषय होता यंत्र-अभियांत्रिकी. तो त्यांनी निवडलेला नव्हता. वडिलांनी आणि सर दोराबजींनी ठरवलेला होता. मुलाने केंब्रिजहून इंजिनिअर होऊन यावे आणि जमशेदपूरला मोठ्या हुद्द्यावर रुजू व्हावे, असा सरळ बेत होता. आजच्या भाषेत सांगायचे तर नोकरी आधी आणि पदवी नंतर!

पण १९२७ सालचे केंब्रिज हे काही स्वस्थ बसू देणारे गाव नव्हते. पदार्थविज्ञानाच्या इतिहासात इतके भाग्याचे दिवस क्वचितच आले असतील. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख रदरफर्ड होते. पुंजयामिकी नावाचे नवे शास्त्र जन्माला येऊन दोन वर्षे होत होती. १९२८ मध्ये पॉल डिरॅक या पंचविशीतल्या तरुणाने इलेक्ट्रॉनचे प्रसिद्ध समीकरण मांडले. अशा हवेत अठरा वर्षांचा बुद्धिमान मुलगा तुळयांवरील भार आणि एंजिनांचे आराखडे यांत किती काळ रमणार?

१९२८ साली होमींनी वडिलांना एक पत्र लिहिले. त्यातील वाक्ये मी येथे उतरवून देत नाही. आशय तेवढा सांगते. व्यापार किंवा कारखान्यातील अधिकाराची जागा आपल्या स्वभावाला मानवणारी नाही, पदार्थविज्ञान हेच आपले क्षेत्र आहे, त्यात आपण मोठे काम करू अशी आपली खात्री आहे, आणि प्रत्येक माणूस ज्या गोष्टीवर मनापासून प्रेम करतो त्याच गोष्टीत तो काही करून दाखवू शकतो, असे त्यांनी लिहिले होते. पत्रात विनवणी आहे, पण रडगाणे नाही. विशेष म्हणजे त्यात वडिलांची निंदा नाही. इंजिनिअरिंग वाईट असेही त्यात कोठे म्हटलेले नाही.

आता बॅरिस्टर जहांगीर यांची बाजू पाहा. त्यांच्यापुढे दोन सोपी उत्तरे होती. नाही म्हणावे, पैसे त्यांच्याच हाती होते. किंवा हो म्हणून मोकळे व्हावे, पैशाला तोटा नव्हताच. त्यांनी दोन्ही केले नाही. त्यांनी अट घातली. यंत्र-अभियांत्रिकीची ट्रायपॉस परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण हो, मग गणित व पदार्थविज्ञान शिकण्यासाठी केंब्रिजमधील पुढचा खर्च मी देईन, अशी ती अट होती. होमींनी ती मान्य केली. नावडत्या म्हणून टाकलेल्या विषयात त्यांनी दोन वर्षे आणखी घाम गाळला, आणि १९३० साली प्रथम वर्ग मिळवला. वडिलांनी शब्द दिला होता, तो त्यांनीही पाळला. होमी गणिताच्या ट्रायपॉसला बसले आणि १९३२ मध्ये तीही प्रथम वर्गात उत्तीर्ण झाले. गमतीची गोष्ट अशी की १९३१-३२ या वर्षी, मन सगळे सैद्धांतिक पदार्थविज्ञानात असताना, त्यांना इंजिनिअरिंगमधीलच सॉलोमन्स शिष्यवृत्ती मिळालेली होती!

ही अट मला फार शहाणपणाची वाटते. मुलाची ओढ खरी आहे की परक्या गावची चार दिवसांची भुरळ आहे, हे हजारो मैलांवरून बापाला कसे कळावे? नावडते काम नीट पुरे करून दाखवणे हीच त्याची कसोटी. एका विषयाचा कंटाळा आला म्हणून दुसरा आवडणे वेगळे, आणि दुसऱ्याची तहान लागलेली असूनही पहिला नीट संपवणे वेगळे. अट पुरी झाली तेव्हा बापाला जे हवे होते ते, म्हणजे मुलाच्या हाती पोटापाण्याची पदवी, मिळाले होते. मुलाला हवे होते तेही मिळाले.

हे चरित्र मी एवढ्या आस्थेने का वाचले, ते सांगायला हरकत नाही. माझा थोरला भाऊ यंदा यंत्र-अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याला पुढे पदार्थविज्ञानात संशोधन करायचे आहे. आमचे अण्णा वैजापूर तालुक्यातील कोरडवाहू शेतीवर आणि एका लहानशा नोकरीवर घर चालवतात. दादाच्या शिक्षणासाठी काढलेले कर्ज अजून फिटायचे आहे. दादा बोलायला लागला की अण्णा गप्प होतात, आणि अण्णा बोलायला लागले की दादा उठून गच्चीवर जातो. दोघेही एकमेकांचे वैरी नाहीत. माझ्या वर्गातील तीन-चार मैत्रिणींच्या घरी थोड्याफार फरकाने हेच चालले आहे. म्हणून ही हकीकत मला जुनी वाटत नाही.

कोणी म्हणेल, भाभांचे काय, ते टाटांचे नातलग. त्यांच्या घरी हप्ते थकण्याची भीती नव्हती. हे अगदी खरे आहे आणि ते लपवून चरित्र सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु ज्या डिरॅकची व्याख्याने होमींनी ऐकली, त्यांचीच कथा पाहा. डिरॅक हेही मूळचे इंजिनिअर! ब्रिस्टलमधील एका शिक्षकाचा हा मुलगा १९२१ साली विद्युत-अभियांत्रिकीची पदवी प्रथम वर्गात घेऊन बाहेर पडला. पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत त्याला नोकरी मिळाली नाही. केंब्रिजची एक शिष्यवृत्ती मिळाली, पण तेवढ्यात तेथे राहण्याचा खर्च भागेना. तेव्हा ब्रिस्टलच्याच गणित विभागाने त्याला विनाशुल्क शिकण्याची सवलत दिली. घरी राहून त्याने गणिताची पदवी घेतली आणि १९२३ साली पुरेशी मदत मिळाल्यावर तो केंब्रिजला गेला. दहा वर्षांनी, १९३३ मध्ये, त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. डिरॅक आणि भाभा या दोघांचेही मार्गदर्शक राल्फ फाउलर हेच होते. त्याच काळात कॅव्हेंडिशमध्ये अणुकेंद्र फोडण्याचा प्रयोग यशस्वी करणारे जॉन कॉक्रॉफ्ट, तेही विद्युत-अभियांत्रिकी शिकून व कारखान्यात उमेदवारी करून आलेले होते. म्हणजे एका गावात, एका वेळी, वाट बदलून आलेले असे तिघे जण होते. एकाला श्रीमंत बाप होता, एकाला एका विभागाचा उदारपणा, एकाला कारखान्याचा अनुभव. शिडी प्रत्येकाची निराळी होती. पण तिची एक-एक पायरी चढणे कोणालाच चुकले नाही.

पुढील वर्षे होमींनी युरोपात अक्षरशः ज्ञानाची माधुकरी मागितली. रूज बॉल शिष्यवृत्ती मिळवून ते झुरिकला पाउली यांच्याकडे आणि रोमला फर्मी यांच्याकडे राहिले. १९३३ साली विश्वकिरणांवरील त्यांचा पहिला निबंध जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. त्याच्या बळावर १९३४ मध्ये न्यूटनच्या नावाची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९३५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. इलेक्ट्रॉन आणि त्याचे जुळे भावंड पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर कोणत्या दिशेला किती विखुरतील, याचे गणित त्यांनी मांडले. ते जगभर भाभा-विकिरण या नावाने ओळखले जाते, आणि या दोन कणांची टक्कर घडवणाऱ्या प्रचंड यंत्रांमध्ये टकरींचे प्रमाण मोजण्यासाठी आजही त्याचाच आधार घेतात.

१९३७ साली वाल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला. आपल्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही तो समजण्यासारखा आहे. अवकाशातून अतिशय वेगवान इलेक्ट्रॉन वातावरणात शिरतो. एखाद्या अणुकेंद्राजवळून जाताना तो प्रकाशाचा एक शक्तिमान कण बाहेर टाकतो. त्या प्रकाशकणातून इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन अशी जोडी जन्मते. ती जोडी पुन्हा प्रकाशकण टाकते, त्यांतून पुन्हा जोड्या होतात. एका बीजापासून फांद्या, फांद्यांना फांद्या फुटाव्यात तसा हा विस्तार होतो, आणि जमिनीवर कणांची सर येते. ती किती दाट असेल, कोठे ओसरेल, याचा हिशेब या दोघांनी मांडून दाखवला.

हे सगळे चालू असताना हा मनुष्य चित्रे काढत होता, हे आपल्या अंकाच्या वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. केंब्रिजमध्ये त्यांनी मोत्सार्टच्या एका संगीतिकेसाठी नेपथ्य तयार केले. आपल्या महाविद्यालयाच्या नियतकालिकाचे मुखपृष्ठही त्यांनी रंगवले होते. रॉजर फ्राय या नामांकित कलासमीक्षकाने त्यांच्या रेखाटनांचे कौतुक केले, तेव्हा चित्रकारच व्हावे असे त्यांच्या मनात आले होते म्हणतात. शास्त्र आणि कला यांच्यामध्ये आपण जी भिंत बांधून ठेवली आहे, ती त्यांना कधी दिसलीच नाही.

१९३९ साली ते सुटीसाठी मायदेशी आले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. परतीची वाट बंद झाली. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, जेथे सर चंद्रशेखर वेंकट रामन होते, तेथे त्यांनी विश्वकिरणांच्या संशोधनाचा विभाग सुरू केला. १९४१ साली, बत्तिसावे वर्ष पुरे होण्याआधीच, ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. युद्ध संपताच परत जावे असे आरंभी त्यांच्या मनात होते. पण बंगळूरच्या मुक्कामात तो विचार पालटला.

१२ मार्च १९४४ रोजी त्यांनी दुसरे महत्त्वाचे पत्र लिहिले. ते सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या नावे होते. पदार्थविज्ञानाच्या मूलभूत संशोधनाची एक बलवान संस्था या देशात उभी करावी, म्हणजे पुढे अणुशक्ती वापरण्याची वेळ येईल तेव्हा तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हिरोशिमावर बाँब पडायला तेव्हा वर्षाहून अधिक अवकाश होता, हे लक्षात घेतले म्हणजे या दूरदृष्टीचे मोल कळते. निधीने मदत दिली. १९४५ साली बंगळूरला टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ बंगल्यात आली. दैवाचा खेळ कसा असतो पाहा! ज्या दोराबजींनी या मुलाला पोलाद कारखान्याचा इंजिनिअर करायचे योजले होते, त्यांच्याच नावाच्या निधीतून, त्यांच्या मृत्यूनंतर बारा-तेरा वर्षांनी, त्याच मुलाच्या हातून पदार्थविज्ञानाचे माहेरघर उभे राहिले.

आणि येथेच ती पहिली, नावडती पदवी कामास आली, असे माझे मत आहे. १९४८ साली अणुशक्ती आयोग स्थापन झाला व भाभा त्याचे अध्यक्ष झाले. तुर्भे येथे, म्हणजेच ट्रॉम्बेला, ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. इंधन इंग्लंडहून आले होते, पण भट्टी आपल्याच माणसांनी बांधली होती. असे काम नुसत्या समीकरणांनी होत नाही. पाण्याची टाकी, पंप, झडपा, काँक्रीटच्या भिंती यांची भाषा ज्याला कळते आणि अणुकेंद्राचीही कळते, असा माणूस तेथे लागतो. पुढल्याच वर्षी, १९५७ मध्ये, त्यांनी तुर्भ्याला प्रशिक्षणशाळा काढली. पदार्थविज्ञान व रसायन यांचे पदवीधर आणि इंजिनिअर यांना तेथे एकाच छपराखाली वर्षभर शिकवण्यात येऊ लागले. स्वतः चाललेली पाऊलवाट त्यांनी मागून येणाऱ्यांसाठी सडक करून ठेवली. कुलाब्याला समुद्रकाठी टाटा संस्थेची नवी वास्तू उभी राहिली, १५ जानेवारी १९६२ रोजी पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. तेथील बाग, झाडे आणि भिंतींवरील चित्रे यांची निवडही भाभा जातीने करत.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला निघालेले भाभा ज्या विमानात होते, ते कांचनगंगा विमान आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर आदळले. एकूण ११७ जण मृत्यू पावले. भाभा छप्पन्न वर्षांचे होते. १९६७ साली तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. १९६९ मध्ये तारापूरची वीज सुरू झाली, ती पाहायला ते नव्हते. जुन्नर तालुक्यातील खोडद परिसरात टाटा संस्थेने उभारलेल्या महाकाय दुर्बिणीच्या तीस तबकड्या आज आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. ती दुर्बीण इंजिनिअरची की पदार्थविज्ञानवाल्याची, असे विचारले तर उत्तर देता येणार नाही.

ज्यांच्या घरात असा प्रश्न आहे त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगते. आज ही वाट पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. टाटा संस्थेच्या पदार्थविज्ञानाच्या प्रवेशपरीक्षेला इंजिनिअरिंगचा पदवीधरही बसू शकतो. पुण्याच्या आयुकासारख्या संस्थांतही अशांना मज्जाव नाही. पुष्कळ विद्यापीठांत मात्र एम.एस्सी.साठी बी.एस्सी.ला तो विषय असण्याची अट असते, म्हणून प्रत्येक ठिकाणचा नियम आधी वाचून घ्यावा लागतो. निवड झाली तर संशोधनासाठी शिष्यवेतन मिळते, हे घरच्या वडीलमाणसांना सांगण्याजोगे आहे. इंजिनिअरला उष्मागतिकी आणि विद्युतशास्त्र येत असते. पुंजयामिकी, सांख्यिकीय पदार्थविज्ञान आणि त्यांना लागणारे गणित मात्र स्वतः बसून शिकावे लागते. परीक्षेत प्रश्न त्यावरच येतात. ओढ खरी आहे की नाही, हे त्या वर्षभरात परीक्षकांच्या आधी ज्याचे त्यालाच कळते.

दादाने गेल्या महिन्यात अण्णांपुढे भाभांचीच अट मांडली: आधी प्रथम वर्ग, कर्जाच्या हप्त्यांची सोय होईपर्यंत एक वर्ष नोकरी, आणि त्याच वर्षात प्रवेशपरीक्षेचा अभ्यास. अण्णा अजून हो म्हणालेले नाहीत. परीक्षेचा अर्ज भरायला किती पैसे लागतात, एवढे मात्र त्यांनी परवा विचारले.

भाभांच्या आयुष्याने मला शिकवले ते एवढेच. मुलाने आपली ओढ कामाने सिद्ध करावी, आणि ती सिद्ध झाल्यावर बापाने दिलेला शब्द पाळावा. अप्सरा आणि कुलाब्याची संस्था यांच्या पायाशी १९२८ सालचा तो करार आहे. त्यावर कोणाची सही नव्हती, शिक्का नव्हता. पण तो दोन्ही बाजूंनी पाळला गेला.